पाणीपाळी

आमच्या शिवाराला पाट आला तेव्हा मी हायस्कुलात होतो. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब. जालना जिल्हा ओलांडून तो पाथरी-मानवतकडून परभणीकडं येतो. धरणाचं उद्घाटन १९७६ साली झालं, पण आमच्या मानवत तालुक्यातल्या त्या गावात चारीला पाणी यायला पुढं कितीतरी वर्षं गेली. आलं तेही असं, की वरच्यांची शेतं उपळायची आणि खालचे आभाळाकडं बघायचे. टेलचं पाणी म्हणजे लग्नातल्या शेवटच्या पंगतीची बुंदी. वाढपी येतो, पण पातेल्याला पळी खणखणायला लागलेली असते.

पाटकरी चिठ्ठी द्यायचा. कुणाचं बारं किती वाजता लागणार, किती वाजता सुटणार, सगळं कागदावर. रात्रीचं बारं कुणालाच नको असायचं, पण नको म्हणून चालत नव्हतं. एक पाळी हुकली तर पुढची तीन-चार आठवड्यांनी, आणि कधीकधी येतच नसे.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय, की माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी चार तासांच्या पाण्यासाठी बोललो. नवा करार हातात घेऊन वाढलेला मुलगा मी.

आधी घराचं सांगायला पाहिजे. माझे आजोबा जालन्याकडचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी गेल्याच्या गेल्या शतकात जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभी केली होती. आजोबांच्या घरात ख्रिस्त आला तो त्या बाजूनं. ते शिकले, निजामाच्या राज्यात मीटरगेजच्या गाडीनं मानवत रोडला उतरले आणि आमच्या गावी लेकरं शिकवायला म्हणून राहिले. गावानं त्यांना गावाबाहेर जागा दिली. पाणी वरून ओतून मिळायचं. येशूचं नाव घेतलं म्हणून ते काही बदललं नाही. पुढं बाबांच्या काळात बदललं, आणि ते बाबांमुळं बदललं. बाबा गावचे पोस्टमास्तर. पोस्ट म्हणजे आमच्याच घरातली पुढची खोली. अर्ध्या गावाची पत्रं बाबा वाचून दाखवायचे आणि अर्ध्या गावाची लिहून द्यायचे. कुणाच्या लेकीला सासरी काय त्रास आहे, कुणाचा पोरगा पुण्याहून पैसे पाठवत नाही, हे त्यांना ठाऊक असे. पण एका घरातलं दुसऱ्या घरात कधी गेलं नाही. बायका नवऱ्याला नकळत बाबांकडं पैसे ठेवायच्या. चुरगळलेल्या नोटा बाबा वेगवेगळ्या पाकिटांत घालून त्यावर नाव लिहायचे. ‘पोस्टमास्तर म्हणले म्हणजे झालं’ असं गावात बोललं जायचं. ज्या घराला वरून पाणी ओतलं जायचं, त्या घराच्या शब्दावर गाव व्यवहार करू लागलं, याला दोन पिढ्या लागल्या होत्या.

तीन एकर रान बाबांनी तुकड्यातुकड्यानं घेतलेलं. आमच्या खाली, त्याच चारीवर, सोनपेठच्या मावशीचं रान. माहेर सोनपेठचं म्हणून सगळे त्यांना सोनपेठची म्हणत. नवरा लवकर गेला. लेकरं लहान. रान बघायला एक सालगडी होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. मी त्यांना नाना म्हणायचो, तेच इथं म्हणतो. नाना ज्या वस्तीतले, त्याच तऱ्हेच्या वस्तीतून माझे आजोबा निघाले होते. फरक एवढाच, की आजोबांच्या हातात कुणीतरी पाटी दिली होती.

१९८७ चा जानेवारी. मी एकोणीस वर्षांचा, डी.एड.ला नंबर लागायची वाट बघत घरी बसलेला. आमचं बारं रात्री दहा ते दोन. तिथून पुढं सहापर्यंत सोनपेठच्या मावशीचं. गहू ओंबीवर आलेला. दाणा भरायच्या वेळेला पाणी मिळालं नाही तर गहू पोचा राहतो, हे शेतकऱ्याच्या लेकराला सांगावं लागत नाही.

त्या रात्री पाणी बारीक होतं. थंडी अशी, की खोऱ्याचा दांडा हातात धरवत नव्हता. दोन वाजत आले तरी आमचे चार-पाच सारे कोरडे. चारीच्या बांधावरून बॅटरीचा उजेड हलत आला. नाना. डोक्याला मफलर, खांद्यावर खोरं.

“मालक, झालं का? सोडू का खाली?”

एकोणीस वर्षांच्या पोराला ते मालक म्हणायचे.

मी म्हणालो, “नाना, पाटकऱ्यानं वेळ बदललाय. आमचं पाचपर्यंत हाय. तुम्ही पडा जरा, मी उठवतो.”

हे मी ठरवून बोललो नाही. तोंड उघडलं आणि ते आलं. मला चार साऱ्यांपुरतं, फार तर अर्धा तास हवं होतं. नुसतं ‘नाना, अर्धा तास थांबा’ म्हणालो असतो तरी ते थांबले असते. पण मागितलं तर समोरचा नाही म्हणू शकतो. खोटं बोललं की तेवढीही जोखीम उरत नाही. हे आज लिहिताना कळतं. त्या वेळी फक्त थंडी कळत होती आणि कोरडे सारे दिसत होते.

नाना म्हणाले, “तुमी म्हनल्यावर काय,” आणि बाभळीखाली घोंगडी टाकून पडले.

चार सारे भिजले. मग मी पाणी लसूणघासाला लावलं. मग घरच्या आंब्याच्या रोपांना. मग बांधाला टेकून बसलो आणि झोप लागली. जाग आली ती वस्तीवरच्या कोंबड्याच्या आरवण्यानं. आमचं रान तुडुंब, पाणी बांध फोडून नाल्यात चाललेलं. चारीतलं पाणी उतरत होतं, कारण पाटकऱ्यानं वेळेवर वरचं दार पाडलं होतं. खाली नाना कोरड्या दंडात उभे. त्यांनी मला हाक मारली नाही.

सकाळी पारावर शेकोटी होती. लोक हात शेकत होते. मीही शेकत होतो. सोनपेठची मावशी आली ती ओरडतच. तिचा दोन एकर गहू गेला होता, आणि वर्षाचं पोट त्याच्यावर होतं. पाटकरी म्हणाला, “म्या कशाला वेळ बदलू? चिठ्ठी बघा.” नाना म्हणाले, “पोस्टमास्तराच्या लेकरानं सांगितलं मला, पाचला तुमचं म्हनून.”

सगळे माझ्याकडं वळले. कुणीतरी विचारलं, “काय रं, सांगितलंस का?”

मी म्हणालो, “नाना माझ्याकडं आलेच नाहीत.”

“आले नाहीत?”

“नाहीत. मी दोनला पाणी सोडलं.”

एक म्हातारा गृहस्थ थुंकून म्हणाला, “पोस्टमास्तराचं लेकरू खोटं बोलंल व्हय? ह्यो झोपला आसंल पिऊन.” तिथंच निकाल लागला. नाना दारू पीत नव्हते. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि खोरं उचलून निघून गेले.

सालगड्याचं साल पाडव्याला लागतं, पाडव्याला फिटतं. नानांचे दोन महिने राहिले होते. मावशीनं त्यांना त्याच दिवशी काढलं. राहिलेले पैसे आणि ज्वारी दिली नाही. पाणी झोपून घालवणाऱ्याला पुढच्या सालाला कोण ठेवणार? आठ दिवसांत ते बायको आणि दोन लेकरांना घेऊन टोळीबरोबर ऊस तोडायला गेले. पुढची पाणीपाळी त्या वर्षी आलीच नाही.

त्या रात्री बाबांनी जेवताना एवढंच विचारलं, “आपल्या रानातून नाल्यात पाणी कसं गेलं रे?”

“दंड फुटला.”

बाबा भाकरी कुस्करत राहिले. पुढं कधी विचारलं नाही.

*

नंतरची पंचवीस-सत्तावीस वर्षं मी दोन ओळींत सांगू शकतो. डी.एड. झालं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, लग्न, लेकरं, परभणीला दोन खोल्या. दर रविवारी उपासना. प्रभुभोजनाची भाकर दर वेळी घेतली.

पण उत्तम शुक्रवार आला की माझी पंचाईत व्हायची. त्या दिवशी पेत्राची गोष्ट वाचली जाते. प्रमुख याजकाच्या वाड्यात अंगणात विस्तव पेटवलेला, थंडी, लोक शेकताहेत, पेत्रही शेकतोय, आणि तीनदा विचारल्यावर तीनदा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. मग कोंबडा आरवतो. लोकांना ही दोन हजार वर्षांपूर्वीची यरुशलेमातली गोष्ट वाटते. मला आमचा पार दिसायचा. लूकनं लिहिलंय, की त्या क्षणी प्रभूनं वळून पेत्राकडं पाहिलं. तिथं आलो की मी पुस्तक मिटायचो आणि चष्मा पुसायचो.

अपराधाचं एक असतं. तो आतल्या आत बसून राहत नाही, रूप बदलून बाहेर येतो. माझा बाहेर आला तो शिस्त होऊन. शाळेत मी खोट्याच्या बाबतीत फार कडक. गृहपाठ नाही केला चालेल, उशीर झाला चालेल, पण खोटं बोललं की माझा हात सुटायचा. पालक कौतुक करायचे, “सर लई सरळ माणूस.” घरीही तेच. लेकरानं चॉकलेट खाऊन नाही म्हटलं तरी मी लालेलाल. एकदा बायको म्हणाली, “एवढ्याशा खोट्याला तुम्ही एवढं कामून चिडता? जसं काय तुमचंच कुणी काही चोरलंय.” मी जेवणाचं ताट सारून उठलो. धीर म्हणून माझ्याकडं नव्हताच. ज्याचं आत काही लपवलेलं असतं त्याला थांबणं जमत नाही. थांबलं की ते वर येतं.

बाबा २००१ साली गेले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोऱ्यानं बांधलेला एक गठ्ठा सापडला. मनीऑर्डरच्या पावत्या आणि पोचा. पन्नास रुपये, पन्नास रुपये, कधी पंचाहत्तर. १९८७ ते १९९३. पत्ते कुठल्या कुठल्या साखर कारखान्यांवरचे. शेवटचे काही पाथरी तालुक्यातल्या एका गावचे. प्रत्येक पोचेवर निळ्या शाईचा एक अंगठा. अंगठ्याखाली बाबांच्या ओळखीच्या कुठल्यातरी पोस्टमननं नाव लिहिलेलं. नानांचं.

मी ट्रंकेजवळ किती वेळ बसलो माहीत नाही. बाबांना पहिल्या रात्रीपासून कळलेलं होतं. त्यांनी मला पारावर नेऊन उभं केलं नाही. का? मी त्यांना दोष देत नाही, पण उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते माझंही उत्तर होतं. दोन पिढ्यांनी मिळवलेली पत. ती एका सकाळी जाईल, आणि आपल्यासारख्यांची गेली की परत येत नाही. म्हणून ते ती पत सांभाळत राहिले आणि दर दोन-तीन महिन्यांनी पन्नास रुपये भरत राहिले. पोस्टमास्तराचा पगार असा किती असणार! जक्कयानं चौपट परत देतो म्हटलं होतं. बाबांनी किती पट दिले याचा हिशेब मी केला नाही. करायचा धीर झाला नाही. गठ्ठा मी माझ्या कपाटात आणून ठेवला आणि आणखी पंधरा वर्षं गप्प बसलो. हेही लिहायला पाहिजे.

मधे एकदा पाळकसाहेबांना सांगितलं. चांगला माणूस. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, प्रार्थना केली, म्हणाले, “ख्रिस्तानं हे ओझं वाहिलंय, तुम्ही परत परत उचलू नका.” मला रडू आलं. आठ दिवस हलकं वाटलं. नवव्या दिवशी मानवतच्या एसटीत एक माणूस मफलर बांधून बसलेला दिसला आणि पोटात गोळा आला. देवानं क्षमा केली यावर माझा विश्वास होता, आजही आहे. पण पाण्याची वाट बघत बाभळीखाली झोपला तो माणूस वेगळा होता, आणि त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूची एक सूचना आहे. वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं, की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडं जा. मी ही सूचना पोरांकडून पाठ करून घेतली होती. माझं अर्पण एकोणतीस वर्षं वेदीवर नेऊन ठेवणं चालूच होतं.

शेवटी गेलो तो एका लेकरामुळं. चौथीच्या वर्गात पाण्याच्या टाकीची तोटी कुणीतरी मोडली. एका पोरावर आळ आला. तो म्हणाला, “सर, मी नाही मोडली.” मी कानाखाली मारली. मारायला कायद्यानं बंदी होती, तरी मारली. दुसऱ्या दिवशी दुसराच पोरगा रडत आला आणि म्हणाला, माझ्या हातून मोडली. मी पहिल्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत होता. राग नव्हता, रडू नव्हतं. ती नजर मी ओळखली. एकोणतीस वर्षांपूर्वी पारावर पाहिलेली.

मी सगळ्या वर्गासमोर त्याला हात जोडले. म्हणालो, “बाळा, तू खरं बोलत होतास. चुकलं माझं.” तो म्हणाला, “जाऊ द्या सर.” पण महिनाभर तो माझ्या जवळून जाताना अंग चोरून जायचा. मी माफी मागितली म्हणून त्याच्या अंगातली भीती लगेच निघाली पाहिजे, असं मला मनातून वाटत होतं. ती तिच्या वेळेनं निघाली. तोवर मला रोज साडेदहाला वर्गात जाऊन उभं राहणं एवढंच करता येत होतं.

*

२०१६ चा उन्हाळा. मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी नेत होते तो उन्हाळा. पोचांवरचा शेवटचा पत्ता घेऊन मी पाथरी तालुक्यातल्या त्या गावी गेलो. नाना तिथं लेकीकडं राहत होते. पाच-सहा शेळ्या, पत्र्याचं घर, पुढं लिंबाचं झाड. साठीच्या घरातला माणूस, पण उसानं पाठ वाकवलेली.

मी नाव सांगायच्या आधीच ते म्हणाले, “पोस्टमास्तराचे ना? बसा. चेहरा बापाचाच हाय.”

लेकीनं चहा आणला. पाणी मात्र अर्धा तांब्याच. टँकर दोन दिवसांआड येत होता. मी तो अर्धा तांब्या हातात धरला आणि बोलायला लागलो. पाठ करून गेलो होतो, सगळं विसरलो. कसंबसं सांगितलं. खोटं मी बोललो, तुम्ही आला होतात, मी नाही म्हणालो, तुमचं साल गेलं, गाव गेलं.

नानांनी मधे एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाले, “हे मला कामून सांगायलेत? मला ठावंच हाय की. म्या होतो तिथं.”

यावर काय बोलणार!

थोड्या वेळानं ते म्हणाले, “तुमचा बाप पैसे धाडायचा. म्या घेतले. लेकरं उपाशी होती, कामून नाही घेणार? पण त्या पैशानं माझ्यावरचं बोलणं नाही फिटलं. माझा बाप त्याच गावात मेला. मरताना म्हणला, तू खरंच झोपला होतास का रं? बापाला बी खरं वाटलं नाही माझं.”

शेळीचं करडू येऊन त्यांच्या गुडघ्याला अंग घासत होतं. ते त्याचा कान चोळत राहिले.

“नाना, मला माफ करा,” मी म्हणालो.

“जिथं बोललात तिथं बोला,” ते म्हणाले. “इथं लिंबाखाली बोलून काय?”

मी परत आलो. वाटलं होतं, लगेच जाईन. गेलो नाही. पावसाळा गेला, दसरा गेला, नाताळ गेला. दर वेळी कारण निघायचं. खरं कारण बाबा होते. बाबांना जाऊन पंधरा वर्षं झाली तरी गावात त्यांचं नाव निघतं. अजूनही म्हातारे म्हणतात, तसा पोस्टमास्तर पुन्हा झाला नाही. ते नाव मी स्वतःच्या तोंडानं कसं मोडू? मग एका रात्री बायकोला सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मामंजींनी पन्नास-पन्नास रुपये भरले ते काय नाव मोडू नये म्हणून? ते तुमची वाट बघत होते.”

असं असेल का, मला माहीत नाही. पण ती म्हणाली आणि मी उठलो.

२०१७ च्या पाडव्याला गावी गेलो. सालं फिटायचा, नवी लागायचा दिवस, म्हणून तो धरला. पार तोच, आता सिमेंटचा. सकाळी वीस-पंचवीस माणसं होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं. आवाज फुटत नव्हता, पण सांगितलं. नाना आले होते, मी खोटं बोललो, ते झोपले नव्हते, ते दारू पीत नव्हते.

आणि काय झालं म्हणता? काहीच झालं नाही. निम्म्यांचा जन्मच त्याच्यानंतरचा. एक पोरगा मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, “कोण नाना, काका?” दुसरा म्हणाला, “जाऊ द्या सर, तीस वर्षं झाली.” ज्यानं थुंकून निकाल दिला होता तो म्हातारा कधीचाच गेलेला. मी दगड खायच्या तयारीनं गेलो होतो आणि कुणाला वेळ नव्हता. नानांची अब्रू घालवायला त्या सकाळी पाच मिनिटं पुरली होती. ती परत द्यायला गेलो, तर घ्यायला माणसंच उरली नव्हती. पत गेल्याचं दुःख नंतर सोसता आलं. हे नाही.

फक्त एक माणूस उरलेलं होतं. मी सोनपेठच्या मावशीच्या घरी गेलो. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांना कमी दिसत होतं. सांगितलं. मला वाटलं, ती शिव्या देईल, तिचा दोन एकर गहू मी घालवला होता. तिनं गव्हाचं नावही काढलं नाही. ती कपाळावर हात मारून म्हणाली, “आरं देवा! म्या त्याची ज्वारी ठेवून घेतली रं! त्याची बायको दारात बसली होती दिवसभर, तान्हं लेकरू घेऊन. म्या दार लावून घेतलं.”

मी माझं ओझं उतरवायला गेलो आणि एका म्हातारीच्या डोक्यावर ठेवून आलो. कबुली द्यावी असं सगळे सांगतात, हे कुणी सांगत नाही. रात्री झोप लागली नाही. तिला न सांगता मरू दिलं असतं तर बरं झालं असतं का? आजही मला नीट उत्तर देता येत नाही. तिचंच वाक्य आठवतं. मी निघताना तिनं विचारलं, “कुठं हाय तो? मला नेशील का?”

पंधरा दिवसांनी रिक्षा करून गेलो. मावशी, तिचा नातू, मी, आणि ज्वारीची दोन पोती. टाळकी ज्वारी तिनं मुद्दाम घरची काढली होती. नाना लिंबाखाली शेळ्यांना पाला घालत होते. मावशीला पाहून उठले. ती त्यांच्या पाया पडायला वाकली. वय आणि जात, दोन्ही हिशेबांनी ते उलटं होतं. नानांनी दोन्ही हातांनी तिला धरलं. “वैनी, असं नका करू, वैनी,” एवढंच म्हणत राहिले. मग दोघं बसले आणि तासभर बोलले. मेलेल्या बैलांबद्दल, बाभळीबद्दल, १९७२ च्या दुष्काळात दोघांनी एकाच सडकेवर फोडलेल्या खडीबद्दल. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मी रिक्षावाल्याबरोबर उभा होतो.

निघताना नाना माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता म्हणतील. ते म्हणाले, “येत जा.”

तेवढंच. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. आजपर्यंत म्हणालेले नाहीत.

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटी पुन्हा एक विस्तव आहे. समुद्रकाठी, पहाटे. मरणातून उठलेला प्रभू शिष्यांसाठी मासे भाजतो. तिथं तो पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का, आणि दर वेळी मेंढरांचं काम सांगतो. मी ते पान कितीदा वाचलं असेल. तुला क्षमा केली असं त्या पानावर प्रभू कुठं म्हणत नाही. हे माझ्या ध्यानात आलं ते नानांकडं जायला लागल्यावर.

महिन्यातून एकदा जातो. एसटीनं पाथरी, पुढं मिळेल ते वाहन. सुरुवातीला मी दर खेपेला त्यांच्या तोंडाकडं बघायचो, आज बोलतील का म्हणून. एसटी उशिरा आली की चिडायचो, जसं काही ते शब्द स्टँडवर माझी वाट बघत होते. एकदा नाना म्हणाले, “तुमी लई घाई करता मालक. बसा की नीट.” मी म्हटलं, “नाना, मालक म्हणू नका.” “मग काय म्हनू?” “लेकरू म्हणा.” ते हसले. पण पुढच्या खेपेला पुन्हा मालकच म्हणाले. जिभेची सवय असते. मी सोडून दिलं.

आता फारसं बघत नाही त्यांच्या तोंडाकडं. पेन्शनचे कागद, रेशनकार्डावरचं नाव, नातीच्या शाळेचा दाखला अशी कामं असतात, ती करतो. कधी काहीच नसतं. तेव्हा शेळ्या बघत बसतो. शाळेत माझा आवाज खाली आलाय असं पोरं म्हणतात. घरी बायको म्हणते, थोडा आलाय. सोनपेठची मावशी करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. तिची खबर नानांना मीच दिली.

परवाच्या थंडीत गेलो तेव्हा जावयाच्या रानात पाणी चालू होतं. बोअरचं पाणी, हरभऱ्याला. नाना बांधावर खोरं घेऊन उभे होते. पाठ सरळ होत नव्हती. मला बघून म्हणाले, “भाकर खाऊन येतो. तोवर धरा दारं. तो सारा भरला की खालच्याला सोडा.”

मी बूट काढले, पँट वर सारली आणि खोरं घेतलं. पाणी सावकाश चाललं होतं. सारा भरायला वेळ लागला. भरल्यावर मी माती ओढून तोंड बंद केलं आणि खालच्याला सोडलं.